मेहुण्याने ऐकवलेली ‘थंड भट्टी’

रविवार असूनही दाजी शेडमध्ये होते. एसीची हवा खोल्याखोल्यांतून फिरवणारे पत्र्याचे चौकोनी बोगदे, म्हणजे डक्ट, बनवायचा त्यांचा धंदा. एका बँकेच्या कामातलं वळण काही केल्या नीट बसेना, म्हणून ते पत्रा पुन्हा उलगडून लाकडी मोगरीने कड दुमडत बसले होते. तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला.

“दाजी, टेम्पो रिकामा आहे ना? दोन स्पीकर उचलायचेत. कपाटाएवढे आहेत एकेक.”

“कशाला?”

“कशाला काय विचारता! ‘गंज’चा नवा अल्बम आलाय आज. ‘थंड भट्टी’. सहा वर्षं डोळे लावून बसलो होतो आम्ही. सगळ्यांनी शपथ घेतलीय, एकट्याने कोणी ऐकायचा नाही. दुपारी माझ्या क्लासात एकत्र ऐकणार. तुम्ही फक्त स्पीकर पोचवा. म्हणजे, बसलात तरी चालेल हो, पण तुमच्या डोक्यावरून जाईल सगळं.”

दाजींनी मोगरी खाली ठेवली. “बघतो,” म्हणाले.

आता यातली गोम अशी की, ‘गंज’ या बँडमध्ये पत्रे, स्प्रिंगा आणि लोखंडी टाक्या बडवणारा जो माणूस होता, तो म्हणजे खुद्द दाजीच.

बँडमध्ये चौघं. स्टेजवर चौघांच्याही तोंडावर वेल्डिंगचे मुखवटे. नावं कुणालाच माहीत नाहीत, म्हणून लोक त्यांना उभं राहण्याच्या जागेवरून ओळखत: पहिली, दुसरा, तिसरा, चौथा. पहिली गायची, एरवी ती एका शाळेत भूगोल शिकवायची. तिसरा म्हणजे आपले दाजी. घराबाहेर कधी कुणाला सांगायचं नाही असं चौघांनी अगदी सुरुवातीलाच ठरवलं होतं. घरात फक्त बायकोला ठाऊक. तिने सख्ख्या भावालासुद्धा कधी सुगावा लागू दिला नाही. कारण उघड होतं. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे.

आणि हा भाऊ ‘गंज’चा असा भक्त, की विचारू नका. ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा. गाडी शिकवताना गिअर बदलला की आधी ‘गंज’चं गाणं, मग सूचना. स्वतःच्या लग्नाआधी त्याने घरात त्यांचं भलंमोठं पोस्टर लावलं, तेव्हा दाजींच्या सासूबाई चष्मा सारखा करून म्हणाल्या होत्या, “गंज? म्हणजे दूध तापवायचा?” त्यावर तो चार दिवस आईशी बोलला नव्हता. तिसरा हा त्याचा विशेष लाडका. जेवताना ताट बाजूला सारून तो दाजींना समजावून सांगायचा, “तिसरा सहा फुटांच्या वर असणार, दाजी. पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर काम केलेला माणूस. खांदे बघा त्याचे!” दाजी मान डोलवायचे. त्यांची उंची बायकोएवढीच होती. स्टेजवर टाकीमागे ते लाकडी खोक्यावर उभे राहत, आणि खांदे जाकिटातल्या कापसाचे होते.

पण त्या रविवारी त्यांना हसू येत नव्हतं. स्वतःचा अल्बम त्यांनी ऐकलाच नव्हता. फाइल फोनवर येऊन पडली होती. उघडायचा धीर होत नव्हता. रेकॉर्डिंग झालं ते एका बंद पडलेल्या शीतगृहात. सातव्या गाण्यात, अगदी भर वेगात असताना, दाजींच्या उजव्या हातात गोळा आला आणि हातोडा निसटून फरशीवर पडला. बाकीचे वाजवत राहिले. दाजी तसेच उभे, मुखवट्यात धापा टाकत. हात उघडेना की मिटेना. शेवटी डाव्या तळव्याने त्यांनी टाकीवर कशाबशा चार थापा मारल्या आणि गाणं संपवलं. “पुन्हा घेऊ,” असं ते तेव्हाच म्हणाले होते. पहिली म्हणाली, “बघू.” पुन्हा कुणी घेतलं नाही. दाजींनी गृहीत धरलं की ते गाणं गेलं कचऱ्यात. त्या दिवसापासून त्यांच्या मनात एकच घोळत होतं: आता पुरे. हात आहे तोवर डक्ट करावेत, संसार बघावा.

घरी येऊन त्यांनी बायकोला फोनचं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करताच म्हणाली, “जा की. एकदा तरी स्वतःला लोकांच्या कानांनी ऐका. आणि तोंड उघडू नका तिथे.”

क्लास म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसमागची लांबट खोली. भिंतींवर वाहतुकीच्या खुणा: उजवीकडे वळू नका, पुढे शाळा आहे, हॉर्न वाजवू नका. या शेवटच्या पाटीखालीच मेहुण्याने एक स्पीकर ठेवला. टेबलावर मधोमध कापलेलं इंजिन, आतला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, दिसेल असं. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर दहाबाराजण. त्यातली एक अतिदक्षता विभागातली नर्स, रात्रपाळी करून थेट आलेली, डोळे तांबडे झालेले. एक रसायनशास्त्राचे प्राध्यापक, घडी केलेला रुमाल गुडघ्यावर ठेवून बसलेले. दाजी शेवटच्या रांगेत, दाराजवळ. “हे आमचे दाजी. टेम्पो यांचा,” एवढीच मेहुण्याने ओळख करून दिली.

नियम असा होता की गाणं चालू असताना कुणी चकार शब्द काढायचा नाही. गाणं संपलं की ज्याला जे वाटलं ते त्याने बोलायचं.

पहिलं गाणं सुरू झालं आणि खिडकीची काच थरथरायला लागली. पत्रा फरफटत नेल्यासारखा आवाज, त्याखाली जड, सावकाश ठोका, आणि मग पहिलीचा आवाज, दमलेला तरी न वाकणारा. गाणं संपल्यावर एकदम सगळेच बोलायला लागले.

“हिचा आवाज खाली उतरलाय. पण चांगलाच उतरलाय!”

“तो पत्रा ओढल्याचा आवाज कशाचा असेल?”

“शटर आहे. दुकानाचं शटर.”

ते शटर नव्हतं. शीतगृहाचं दार होतं, आणि ते ओढताना चौथ्याचा अंगठा चिरडला होता.

चौथ्या गाण्यानंतर प्राध्यापक उठले. “मी स्पष्ट बोलतो,” ते म्हणाले. “तिसरा दमलाय. पूर्वीची धार नाही राहिली. ठोका पडतो, पण पडताना मागे सरतो. वय झालंय त्याचं.”

“वय?” मेहुणा ताडकन उठला. “सर, तुम्ही प्रयोगशाळेत बाटल्या हलवा! तिसरा मुद्दाम मागे सरतोय. श्वास घ्यायला जागा देतोय तो!”

“मुद्दाम नाही हो. हात चालत नाही.”

“तुम्ही बघितलाय त्याचा हात?”

दाजींनी उजवा हात हळूच मांडीखाली सरकवला. मनात म्हणाले, सरांचं बरोबर आहे. अगदी बरोबर आहे. वाईट वाटण्याऐवजी त्यांना उलट हायसंच वाटलं. चला, कुणालातरी कळलं तर.

“तुमचं काय मत, टेम्पोवाले?” कुणीतरी गमतीने विचारलं.

“आवाज मोठा आहे,” दाजी म्हणाले. खोली खदखदून हसली. मेहुण्याने कपाळावर हात मारून घेतला.

सहावं गाणं संपलं आणि सातवं लागलं. त्याचा पहिला ठोका कानावर आला मात्र, दाजींनी तो ओळखला. हे तेच होतं. बाकीच्या तिघांनी ते टाकून दिलं नव्हतं.

उठून बाहेर जावं असं त्यांना वाटलं. पण दार आणि त्यांच्यामध्ये एकजण जमिनीवर मांडी घालून बसला होता, डोळे मिटून. वेग वाढत गेला. टाकी, स्प्रिंग, पत्रा, टाकी. कापलेल्या इंजिनातला सुटा बोल्ट किणकिणायला लागला. आणि मग, आता पडणार, आता पडणार असं दाजी मनाशी म्हणत असतानाच, हातोडा पडला. फरशीवर लोखंड आपटल्याचा तो एक आवाज. बाकीची वाद्यं पुढे चालू होती, पण दूर, एखाद्या भिंतीपलीकडे सरकल्यासारखी. पुढे होता तो फक्त श्वास. मुखवट्यात कोंडलेला, घरघरता, घाबरलेला श्वास. दाजींचा श्वास, कपाटाएवढ्या दोन स्पीकरांतून सबंध खोलीभर पसरलेला. त्यांनी डोळे मिटून घेतले. भर बाजारात उघडं पडल्यासारखं झालं त्यांना.

हसण्याची वाट बघत ते बसून राहिले. कुणीच हसलं नाही. त्यांनी डोळे उघडले.

खोलीतला एकही माणूस हलत नव्हता. मेहुण्याचं तोंड उघडं राहिलं होतं. प्राध्यापकांचा रुमाल खाली पडला होता. त्यांना पत्ता नव्हता. आणि दाजींच्या लक्षात आलं की स्पीकरमधला श्वास आत गेला की ही माणसंही श्वास आत घेतात, आणि तो थांबला की थांबतात. सगळे. एकत्र. मग ती तळव्याची पहिली थाप आली, बोथट, अडखळती. समोरच्या रांगेतल्या एका धिप्पाड माणसाच्या खांद्यांतून काहीतरी सुटल्यासारखं झालं. दुसरी थाप. तिसरी. चौथी. मग काही नाही.

पुढचं गाणं सुरू होण्याआधी नर्सने हात वर केला. मेहुण्याने लगबगीने प्लेयर थांबवला.

ती उभी राहिली.

“आमच्याकडे पेशंट बरेच दिवस मशिनवर असतो ना,” ती म्हणाली, “मशीन त्याच्यासाठी श्वास घेत असतं. एक दिवस डॉक्टर म्हणतात, काढून बघू. नळी काढतो आम्ही. खोलीत एवढी गडबड चालू असते, बाकीची यंत्रं वाजत असतात, पण तुम्हाला काही ऐकू येत नाही. सगळे उभे असतात. तो आता आपला आपण श्वास घेतो की नाही, एवढंच. मी इतकी वर्षं त्या क्षणी उभी राहतेय. घरी येऊन कुणाला सांगता येत नाही तो कसा असतो. नवऱ्याला सांगून बघितलं. आईला सांगून बघितलं. नाही सांगता येत.” तिने स्पीकरकडे बोट केलं. “हा तो क्षण आहे. त्या खोलीबाहेर मी तो पहिल्यांदा ऐकला. याला कसं कळलं?”

दाजींच्या अंगावर सरसरून काटा आला. याला काहीच कळलं नव्हतं. याचा हात आखडला होता आणि हा घाबरला होता. तरी त्या घाबरण्यातून काहीतरी निसटलं होतं, शीतगृहातून बाहेर पडलं होतं, आणि ज्या खोलीत त्यांनी कधी पाऊल ठेवलं नाही तिथे जाऊन या बाईच्या शेजारी उभं राहिलं होतं. आपण घडवलेली वस्तू आपल्यापेक्षा इतकी मोठी असू शकते हे दाजींना त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. त्यांना स्वतःचीच भीती वाटली, आणि खूप बरंही वाटलं.

प्राध्यापकांनी खाली पडलेला रुमाल उचलला.

“मला अजूनही वाटतं की त्याचा हात थकलाय,” ते म्हणाले. मग हळू आवाजात, “परत लावा हो तेच.”

परत लावलं. नंतर आणखी एकदा. उरलेली तीन गाणीही ऐकून झाली, ती चांगलीच होती, मतं पडली, वाद झाले, चहा झाला. पण बोलता बोलता जो तो सातव्यावर येऊन थांबायचा. कुणी म्हणे बाळंतपण आठवलं. धिप्पाड माणूस क्रेन चालवायचा. तो म्हणाला की वर केबिनमध्ये वारा अचानक पडतो तेव्हा असं होतं, पण त्याला पुढे काही नीट सांगता येईना, आणि त्याने सांगावं असा आग्रहही कुणी धरला नाही.

संध्याकाळी दोघांनी मिळून स्पीकर टेम्पोत चढवले. मेहुणा नेहमी तोंडाचा पट्टा चालू ठेवणारा. आज दोरी बांधून होईपर्यंत एक शब्द बोलला नाही. मग दाजींच्या शेजारी येऊन बसला.

“दाजी,” तो म्हणाला, “खरं सांगा. तुम्हाला काही कळलं का त्यातलं?”

दाजी किल्ली हातात धरून बसले होते. सांगून टाकावं असं त्यांच्या ओठांवर आलं. पण सांगितलं असतं, तर हा पोरगा त्यांच्याकडे बघत बसला असता, गाणं ऐकायचं राहून गेलं असतं. आणि दाजींना या घडीला दुसरंच काहीतरी हवं होतं.

“मला वाटलं होतं, कळलंय,” ते म्हणाले. “पण नाही रे. तू सांग.”

“खरंच सांगू? कंटाळणार नाही ना?”

“पहिल्यापासून सांग.”

मेहुण्याने फोन टेम्पोच्या प्लेयरला जोडला, खिडक्यांच्या काचा वर केल्या आणि सातवं गाणं लावलं. “हे बघा,” तो म्हणाला, “इथे तो धावतोय. लक्षात येतंय? आपल्याला काहीतरी गाठता येईल असं त्याला अजून वाटतंय.”

“कशावरून?” दाजींनी विचारलं, आणि उत्तर ऐकायला त्याच्याकडे झुकले.