शनिवारचा तक्ता

साबणाच्या कारखान्यात मालकांची सून नव्यानं कारभार बघू लागली होती. तिला सगळे धाकट्या मॅडम म्हणत. त्यांनी फर्मान काढलं की प्रत्येक खातेप्रमुखानं सोमवारच्या बैठकीत आपल्याकडचा एक तरी बिनकामाचा अहवाल बंद करून दाखवायचा. बाकीच्यांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. फोरमन मात्र हिरमुसला. आपल्या खात्यातला सगळ्यात बिनकामाचा कागद कोणता हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि नेमका तोच त्याचा जीव की प्राण होता.

तो म्हणजे यंत्रांच्या देखभालीचा शनिवारचा तक्ता. तो भरण्यात दोन मेकॅनिकांची अर्ध्या सुट्टीची दुपार वाया जायची. मग तो तीन टेबलांवर फिरायचा, तिन्हीकडे सह्या व्हायच्या आणि वाचायचं कुणीच नाही. तरी त्याला हात लावायची कुणाची छाती होत नव्हती. हिशेबनीस म्हणायचा, विमावाल्यांना लागतो. स्टोअरवाला म्हणायचा, सरकारी नियम आहे.

नियम कसला डोंबलाचा! फोरमन नवा होता तेव्हा त्या तक्त्याला चारच रकाने होते आणि तो टाइप करणारी मुलगी खिडकीजवळ बसायची. चार रकाने समजावून सांगायला वेळ तो किती लागणार? म्हणून पठ्ठ्यानं पाचवा काढला, पट्ट्यांचा ताण. तिनं मान वर न करता तो टाइप केला आणि म्हणाली, "अजून काही राहिलं असेल तर आठवून ठेवा. पुढच्या शनिवारी घालू."

मग काय विचारता! वंगणाचा रंग आला, मोटारीचा आवाज आला, आवाज सकाळचा की दुपारचा तेही आलं. साहेब खूश, पोरगा बारकाईनं बघतो म्हणाले. कार्बननं निळी झालेली तिची बोटं आणि तिच्या टेबलापर्यंत येणारा ओल्या साबणाचा वास आठवला की फोरमनला अजूनही गोड वाटायचं. विसाव्या रकान्यापाशी दोघांचं लग्न ठरलं आणि तक्त्याची वाढ खुंटली.

रविवारी संध्याकाळी बायको मटार सोलत बसली होती. लेक सासरी गेल्यावर घरात दोघंच, आणि नोकरी सोडल्यापासून ती दिवसभर एकटी.

"अगं, आपला शनिवारचा तक्ता बंद करावा लागणार बहुतेक," तो म्हणाला.

ती बघतच राहिली. मग हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, तो अजून चालू आहे? त्या पोरांच्या शनिवारचं वाटोळं करताय की!"

"तुला काहीच वाटत नाही? आपलं सगळं त्यात आहे."

तिचं हसू थांबलं. "त्यात मोटारीचा आवाज आहे. आपलं होतं ते बोलणं. मी रोज संध्याकाळी विचारते, आज काय झालं? तुम्ही म्हणता, काही नाही. लेक गेल्यापासून तेवढंच ऐकते मी."

ती मटारचं भांडं उचलून आत गेली. फोरमन टरफलांकडे बघत बसला. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

सोमवारी त्यानं तक्ता बंद केला. धाकट्या मॅडमनी विचारलं, "इतकी वर्षं चालू कशासाठी होता?"

"माझ्या लग्नासाठी," तो म्हणाला, आणि सगळी हकीकत सांगून टाकली. हिशेबनीस हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिला. दोघा मेकॅनिकांनी दाराबाहेर एकमेकांना टाळी दिली.

संध्याकाळी बायकोनं सवयीनं विचारलं, "काय झालं आज?"

'काही नाही' अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून त्यानं बैठकीतलं सगळं सांगितलं, हिशेबनिसाची नक्कलसुद्धा करून दाखवली. ती पोटभर हसली आणि उठून आत निघाली.

"थांब ना," तो म्हणाला. "तुझा दिवस कसा गेला?"

ती दारातच थबकली. कुठून सुरुवात करावी ते तिला सुचेना. पदरानं डोळे टिपून ती म्हणाली, "चहा ठेवते. वेळ लागेल."