शंभर पट चपळ

सासूबाईंचा निरोप समारंभ दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला होता, आणि सासऱ्यांचे कर्णयंत्र आदल्या दुपारी बंद पडले. मुख्याध्यापिका म्हणून सासूबाई अखेरचे भाषण करणार होत्या.

"सदतीस वर्षं मी बोलतेय आणि हे ऐकत नाहीत," त्यांनी मला बजावले. "उद्याचं एवढं एक भाषण यांच्या कानात शिरलं पाहिजे. तुम्ही इंजिनिअर ना, जावईबापू? मग बघा काय ते."

यंत्र सासऱ्यांनी स्वतः बनवलेले होते: खिशात मावणारी डबी आणि कानापर्यंत जाणारी वायर. दुसरे कोणतेही यंत्र त्यांना चालत नसे. आतला ऑप-अँप, म्हणजे क्षीण आवाज मोठा करणारी नखाएवढी, आठ पायांची चिप, जळाला होता. तो नमुना बनणे कधीच थांबले होते. बदली शोधणे आले. मी माझ्या साठ्यातील चिपांच्या डेटाशीट, त्यांच्या गुणदोषांची छापील माहितीपत्रके, मांडून बसलो. एकीच्या पायांची मांडणी तीच, व्होल्टेज तेच, आणि वेग जुनीच्या शंभर पट. हावरटपणा हा वैज्ञानिक दोष मानला जात नाही, मानायला हवा.

चिप बसवून बटण दाबताच शेजारणीचा कुत्रा धावत आत आला, सासऱ्यांसमोर बसला आणि मान वर करून रडू लागला.

"मुक्या जनावराला माणूस कळतो," सासरे गहिवरले. "आवाज मात्र घोगरा येतोय हं."

असली विधाने मी तपासल्याशिवाय सोडत नाही. सासऱ्यांना दुसऱ्या खोलीत बसवून डबी खुर्चीवर ठेवली. बटण चालू की बंद, हे बायको दर खेपेस नाणे उडवून ठरवी. बारा खेपा झाल्या. बटण चालू असताना कुत्रा रिकाम्या खुर्चीपुढे रडला, बंद असताना गप्प राहिला. एकदाही चुकला नाही. माणूस कळण्याचा मुद्दा निकालात निघाला. चिप नको इतकी चपळ होती: आपल्याच आवाजाने बिथरून, माणसाला ऐकू न येणारी शीळ घालत होती. तसा इशारा डेटाशीटच्या चौथ्या पानावर छापलेला होता. मी पहिल्या पानावरच थांबलो होतो.

"हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या पाठी," बायको म्हणाली. "हळू चिप बसव की."

"आता कुठून आणू?"

"दारावरची बेल बाबांनीच केलीय. ती वाजेपर्यंत पाहुणे परत जातात. तिच्याहून हळू काय असणार?"

त्या विलंबाचा चिपच्या वेगाशी संबंध नसतो, हे मी समजावून सांगितले. कोणी ऐकले नाही. बेल उघडली, तर आत नेमकी तीच जुनी चिप!

दुसऱ्या दिवशी सासूबाई चाळीस मिनिटे बोलल्या. खाली उतरताच त्या थेट सासऱ्यांपुढे उभ्या राहिल्या. "काय म्हणाले मी?"

"माझं नाव सात वेळा घेतलंस. सातही वेळा चूक माझीच होती."

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. "म्हणजे सगळं ऐकलंत!"

चपळ चिप मी बेलमधल्या रिकाम्या जागी बसवली. आता बटण दाबले की बेल वाजत नाही. शेजारणीचा कुत्रा रडतो आणि आम्ही दार उघडतो. पूर्वीपेक्षा सरासरी नऊ सेकंद लवकर. मी मोजले आहे.