औषधांची खोली

डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या, म्हणजे फ्योर्डच्या, काठच्या त्या गावातला प्रसूती विभाग बंद करायचं ठरलं, तेव्हा आवराआवरीचं काम गुन्वोरने आपणहून अंगावर घेतलं. ती तिथली मुख्य सुईण. परक्या कुणी येऊन सामान ओढून नेण्यापेक्षा आपल्या हातून नीट होऊ दे, असं तिला वाटलं. आस्लाऊगला, तिथल्याच दुसऱ्या सुईणीला, ते मुळीच पटलं नाही. दोघी शिकत असल्यापासूनच्या मैत्रिणी; एकमेकींची बाळंतपणंही त्यांनीच केलेली.

"म्हणजे खांदाही आपणच द्यायचा?" आस्लाऊग म्हणाली.

"दुसऱ्याने दिलेला बघवेल तुला?"

वरच्या कचेरीने या कामासाठी एक सॉफ्टवेअर दिलं होतं. प्रत्येक कामाची एक पट्टी, तिच्यावर करणारीचं नाव आणि तारीख. काम झालं की पट्टी हिरवी, रखडलं की लाल. दर शुक्रवारी गुन्वोर ते भरायला बसे. पाळणे शहरातल्या हॉस्पिटलात गेले, हिरवी. वजनकाटे गेले, हिरवी. हिरवं वाढताना बघून तिला बरं वाटे, आणि बरं वाटलं म्हणून लाजही.

औषधांच्या खोलीची पट्टी मात्र लालच राहिली. तिच्यावर नाव आस्लाऊगचं.

"अगं, अजून एकही खोका भरला नाहीस?"

"कंबर धरलीय माझी."

मग एके दिवशी गुन्वोरने पाहिलं, आस्लाऊग इतरांनी भरलेले खोके उघडून सामान परत फळ्यांवर लावत होती. हातमोजे, नाळेचे चिमटे, सगळं जागच्या जागी.

"हे काय चालवलंयस?"

"खोली रिकामी झालीच नाही, तर बंद कसं करतील?"

ती हे इतक्या साधेपणाने म्हणाली की गुन्वोरला रागावताच येईना.

त्या शुक्रवारी लाल पट्टीखाली उशिराचं कारण लिहायचं होतं. गुन्वोरने लिहिलं, 'आस्लाऊगला हे काम मनाला फार जड जातंय. थोडी मुदत द्यावी.'

कचेरीने मुदत दिली नाही. मन थाऱ्यावर नाही असं म्हणून आस्लाऊगला घरी बसवलं, भरपगारी रजेवर, विभाग बंद होईपर्यंत. तिने किल्ल्या टेबलावर ठेवल्या, कोट घातला आणि गेली. सामान नेणाऱ्या माणसांनी एका सकाळीत खोली रिकामी केली.

विभागातलं शेवटचं बाळंतपण एका मच्छीमाराच्या बायकोचं झालं. तिला पहिल्यापासून आस्लाऊगच तपासत आली होती. कळा देता देता ती दाराकडे बघून विचारी, "आस्लाऊग येतेय ना?" गुन्वोर म्हणे, "मी आहे ना, बाळा."

विभागाला कुलूप लागल्यावर गुन्वोर आस्लाऊगकडे गेली. आस्लाऊग दारातला बर्फ ओढत होती.

"मी तुझ्यासाठी मुदत मागितली होती गं."

"वाचलं मी. ते सगळ्यांनाच दिसतं." आस्लाऊगने फावडं भिंतीला टेकवलं. "कंबर लिहायला काय झालं असतं तुला?"

गुन्वोरच्या मनात आलं, खरंच, काय झालं असतं?

आस्लाऊगने तिला आत बोलावलं, कॉफी दिली, वॅफलवर तपकिरी चीज ठेवून पुढे केलं. नातवाचा फोटो दाखवला. विभागाचा विषय दोघींनीही काढला नाही.

गुन्वोर आता शहरातल्या हॉस्पिटलात कामाला जाते, घाट ओलांडून. गावात आस्लाऊग भेटली की दोघी थांबतात, हवेबद्दल बोलतात, गुडघ्यांबद्दल बोलतात. मग आस्लाऊगच आधी म्हणते, "चल, उशीर होतोय," आणि गुन्वोर तिला जाऊ देते.