देवीदासांनी एकट्याने मारलेला जोड

त्या रविवारी देवीदासांचा तोटा होण्यासारखं काही नव्हतंच. मुलगी परत मिळणार, जावई हक्काचा होणार आणि दोन वर्षांचा अबोला कोणी न हरता सुटणार. बोलावणंसुद्धा समोरूनच आलं होतं.

मीनलने घरी न विचारता ऑफिसातल्या सुशीलशी लग्न केलं, तेव्हापासूनचा हा अबोला. आता नव्या रायपुरातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये खिडकीखाली प्लायचा ओटा झाला होता, त्यावर सनमायकाची शीट बसवायची होती. ती बाबूजींच्याच हातून बसवून घेऊ, ही कल्पना सुशीलची. मीनलने फोनवर ते सांगूनच टाकलं. रेल्वेच्या वर्कशॉपात पस्तीस वर्षं सुतारकी केलेल्या माणसाला याहून गोड निरोप कोण धाडणार? देवीदास कटर आणि कानस पिशवीत घालून पुरानी बस्तीतून पहिल्याच बसने निघाले.

शीट हिरवी होती, बारीक रेघांची. दुकानातली शेवटची. हॉलच्या फरशीवर ती पसरून, मापाला दोन सूत जास्त धरून, त्यांनी लोखंडी पट्टी लावली आणि कटरने रेघ ओढली. एकदा, दोनदा, दहादा. चर खोल झाला की एकाने पट्टीवर दाब द्यायचा, दुसऱ्याने शीट वर उचलायची. कटकन सरळ तुटते. लांब शीटला दोन माणसं लागतातच, हे वर्कशॉपातल्या नव्या पोट्ट्यांना देवीदासच बजावत असत.

सुशील बाह्या सरसावून शेजारी बसलाच होता. "बाबूजी, मैं दबाऊँ?"

"नाही नाही, जवाईबापू! जवायाकडून कोणी काम करून घेते का? तुम्ही खुर्चीवर बसा."

"बाबा, काहून असं करून राहिले?" मीनल स्वयंपाकघरातून म्हणाली. "त्याले हौस आहे, करू द्या नं."

"हौस असू दे. रीत म्हणून काही आहे की नाही?"

रीत! दोन वर्षं ज्याला जावई म्हटलं नाही, त्याला एकदम 'बापू' लावून खुर्चीत बसवायला निघाले. खरी गोष्ट अशी, की सुशीलचा हात लागला असता तर ओटा अर्धा त्याचा झाला असता. देवीदासांना तो सबंध आपला हवा होता.

त्यांनी पट्टीवर गुडघा रोवला आणि दोन्ही हातांनी शीट उचलली. पट्टीचं दुसरं टोक मोकळंच राहिलं. चीर रेघ सोडून तिरकी पळाली, ती कामाच्या तुकड्यात वीतभर आत.

 मग सुशील हळूच म्हणाला, "कोई बात नहीं बाबूजी, वहाँ जोड़ मार देंगे. पता भी नहीं चलेगा."

इथे 'माझं चुकलं' एवढंच म्हणायचं होतं.

"तुमच्या घरची फरशीच समतल नाही," देवीदास म्हणाले. "घाईघाईत जमवलेलं सगळं असंच निघते."

मीनलने पातेल्यावर झाकण ठेवलं. सुशील उठला आणि खरोखरच खुर्चीवर जाऊन बसला.

जोड देवीदासांनी एकट्याने मारला. कडा कानशीने घासल्या, फक्त वरून खाली, कुठे टवका न उडवता. जोडावरून नख फिरवलं तर अडकत नव्हतं. दाखवायला ते वळले, तर मागे कोणी उभं नव्हतं.

संध्याकाळी सुशीलने त्यांना स्कूटरवरून बसथांब्यावर सोडलं. त्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर देवीदासांनी 'माझं चुकलं' हे दोन शब्द मनात तीनदा जुळवले. बस आली. सुशील वाकून पाया पडला. "सुखी राहा," देवीदास म्हणाले. हे ते कोणालाही म्हणतात.

शीट सुशीलची बिघडली, पण त्याने ते कधी बोलून दाखवलं नाही. देवीदासांना मुलगी मिळाली. सणाला येते, एकटी. 'त्याला सुट्टी नाही,' असं बापाला सांगते, आणि परत गेल्यावर नवऱ्याला, 'बाबा तुझी फार आठवण काढत होते.' पहिलं खोटं देवीदासांना कळतं, आणि ते गप्प जेवतात. दोन्ही पुरुषांचा मान शाबूत आहे. खोटं तेवढं मीनलच्या वाट्याला आलं.