बिनफुलांचे रविवार

चर्चच्या मंडळीत सगळे त्यांना फुलांची मावशी म्हणत. खरं तर त्या कुणाच्याच मावशी नव्हत्या. लग्न केलं नव्हतं, बहीण नव्हती. भाऊ होता, पण तो परदेशी स्थायिक झालेला, वाढदिवसाला फोन करण्यापुरता उरलेला. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून काढली. कानाला यंत्र लावून दिवसभर याचा आवाज त्याला जोडून द्यायचा. पुढे निवृत्त झाल्या, पाठोपाठ आई गेली, आणि घर असं गप्प झालं की स्वयंपाकघरात एखादं भांडं पडलं तरी बरं वाटावं.

तेव्हा त्यांनी अंगणात कुदळ घातली. फाटकापासून पायरीपर्यंत दोन्ही बाजूंना वाफे केले. झिनिया, ॲस्टर, शेवंती, भिंतीकडेला गुलाब, सावलीत लिली. पहिल्या वर्षी जे उगवलं ते त्यांनी भीतभीतच चर्चमध्ये नेऊन वेदीवर ठेवलं. लोकांनी तोंडभर कौतुक केलं. तेव्हापासून तो नेमच पडला. शनिवारी ऊन उतरलं की मावशी कात्री घेऊन बागेत शिरायच्या. देठ तिरका कापायचा, खालची पानं ओरबाडून टाकायची, आणि सगळी फुलं बादलीत घालून रात्रभर न्हाणीघरात गारव्याला ठेवायची. रविवारी सकाळी बादली घेऊन निघाल्या की वाटेत भेटणारा प्रत्येक जण आधी बादलीत डोकावायचा, मग त्यांच्याकडे बघून हसायचा.

प्रार्थनाही त्या बागेतच उरकायच्या. खुरपता खुरपता देवाशी बोलणं चालायचं. प्रभू, कळ्या रविवारपर्यंत दम धरू देत. प्रभू, या माव्याच्या किडीचं काहीतरी कर बाबा. आपलं आणि देवाचं अगदी जवळचं आहे असं त्यांना वाटे. तसं ते होतंही, पण बोलण्याचा विषय तेवढा एकच.

एका सोमवारी चर्चचे पाळक घरी आले. तरुण माणूस, नुकताच या मंडळीत रुजू झालेला. खुर्चीच्या अगदी कडेवर बसून त्यांनी चहाचा कप हातात धरला.

"मावशी, एक बोलायचं होतं. राग मानू नका."

"आधीच असं म्हणताय म्हणजे राग येण्यासारखंच असणार. बोला."

"मंडळीत एकांना फुलांचा त्रास होतो. दम्याचा. डॉक्टरांनी आता निक्षून सांगितलंय. म्हणून वेदीवर कापडी फुलं ठेवावीत असं ठरलंय."

"कोण ते?"

"नाव सांगू नका म्हणालेत."

मावशींनी मान हलवली. टेबलावर नसलेला चुरा बोटाने गोळा केला. पाळकांनी कप बशीत ठेवला.

"तुमची सेवा कुणी विसरणार नाही, मावशी. आणि कसं आहे, प्रत्येकाच्या मनातही एक बाग असतेच. तिचीही निगा राखायची असते."

"मनातल्या बागेला शेणखत घालावं लागत नाही, पाळकसाहेब," मावशी म्हणाल्या. "चहा घ्या, निवतोय."

पाळक ओशाळून हसले आणि थोड्या वेळाने गेले. तो एक कप मावशी बराच वेळ धूत उभ्या राहिल्या.

पुढच्या रविवारी त्या रिकाम्या हाताने गेल्या. वेदीवर कापडी लिली होत्या, पाकळ्यांवर डिंकाचे दवबिंदू चिकटवलेले. बाहेर पडताना कुणीतरी म्हणालं, "किती सोय झाली, नाही? धूळ झटकली की झालं." बोलणाऱ्या बाईच्या मनात काही नव्हतं, पण मावशींच्या ते जिव्हारी लागलं. त्यानंतरच्या रविवारी त्यांचा गुडघा दुखला. मग कणकण वाटली. मग त्यांनी कारण शोधणंही सोडून दिलं.

सुरुवातीला दोघातिघांनी फोन केले. बरं नाही का, काळजी घ्या, लागलं तर सांगा. मग फोन थांबले. येता-जाता फाटकाशी रेंगाळणारे लोकही दिसेनासे झाले. इतकी वर्षं लोक आपल्याला ओळखत होते की बादलीला, असा प्रश्न त्यांच्या मनात आला आणि तिथेच बसून राहिला.

बागेवरही त्यांनी राग काढला. पाणी हाताच्या सवयीने घातलं जाई, पण कात्रीला हात लावला नाही. कापायची तरी कुणासाठी? फुलं उमलली, झाडावरच माना टाकून वाळली. आता गंमत अशी, की इतक्या वर्षांत या बागेत म्हातारं फूल कधी झालंच नव्हतं. ऐन भरात आलं की शनिवारी कात्रीखाली. त्यामुळे वाळलेल्या झिनियाचं करडं बोंड बघून त्यांना आधी वाटलं, काही रोगच पडला. त्यांनी ते खुडून तळहातावर चुरडलं. पाकळ्यांचा भुसा वाऱ्यावर गेला आणि हातात चपट्या, टोकदार बिया राहिल्या, मूठ अर्धी भरेल एवढ्या. दरवर्षी मावशी दुकानातून बियांची पाकिटं विकत आणत. चर्चच्या व्यासपीठावरून बायबलातल्या बियांच्या गोष्टी त्यांनी जन्मभर ऐकल्या होत्या, पण बी धरताना कधी पाहिलं नव्हतं. धरायला फुरसतच दिली नव्हती. त्यांनी बिया पुन्हा वाफ्यात टाकल्या, थोड्या वाटेवर सांडल्या, आणि त्या आत गेल्या.

त्यानंतर काही दिवसांनी, संध्याकाळच्या सुमाराला, बाहेरून हाक आली. "मावशी."

फाटकाशी कोणी नव्हतं. गल्लीच्या पलीकडे, समोरच्या भिंतीला टेकून मास्तर उभे होते. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेले, विधुर, चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. नाकाला रुमाल लावलेला.

"असे तिकडे का उभे? आत या की."

"इथेच बरा आहे," मास्तर म्हणाले. मधून एक स्कूटर गेली. ती जाईपर्यंत दोघं थांबले. "तो माणूस मी, मावशी. दमेकरी."

मावशींचा हात फाटकाच्या कडीवर राहिला. प्रार्थनेत हमखास शिंकणारे मास्तर. मागच्या बाकावरून मावशींनी त्यांच्या पाठीकडे किती वेळा डोळे वटारले असतील.

"कधीपासून?"

"तुम्ही फुलं आणायला लागलात तेव्हापासूनच म्हणा ना."

"इतकी वर्षं? आणि तोंडातून एक शब्द काढला नाहीत?"

"काय सांगणार होतो? तुम्ही बादली घेऊन आत यायचात तेव्हा तुमचा चेहरा मी बघत होतो." मास्तर जरा थांबले, श्वास जमवला. "माझी बायको गेली तेव्हा तुम्ही बागेतले सगळे गुलाब तिच्या शवपेटीवर ठेवलेत. स्वतःला एक राखला नाहीत. त्या दिवशी मला इतका दम लागला होता, की लोकांना वाटलं मी रडतोय."

"रडत नव्हतात?"

"दोन्ही एकदमच चाललं होतं."

समोरच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं आणि पडदा ओढून घेतला. मावशींना हसू आलं. त्यांनी तोंड जरा वळवलं.

"ऑर्गनवर आरसा आहे ना," मास्तर म्हणाले, "पाळक दिसावेत म्हणून लावलेला. त्यात तुमची जागाही दिसते. सारखी रिकामी दिसते. ते काही बरं वाटत नाही मला."

"येऊन करू काय मी?"

"काही करू नका. बसा नुसत्या."

"चहाला या म्हणावं, तर..."

"नको. तिथवर आलो तर चहाच्या आधी ऑक्सिजन द्यावा लागेल."

रुमाल नाकाशी धरून ते हळूहळू गल्लीच्या टोकाशी गेले. मावशी पायरीवर बसल्या. लाज वाटत होती. आपण देवाला फुलं वाहत होतो, आणि दुसरा कुणी गुपचूप स्वतःचा श्वास वाहत होता. त्याची फुलं कुणी पाहिली नाहीत. देवाला फुलं हवी होती, की मला कुणीतरी बघायला हवं होतं? उत्तर त्यांना ठाऊक होतं. त्याने त्या खचल्या नाहीत, पण बराच वेळ उठल्याही नाहीत. मग सवयीने त्यांनी प्रार्थनेला सुरुवात केली आणि लक्षात आलं, की फुलांवाचून देवाशी बोलायला आपल्याजवळ एकही वाक्य नाही. त्या गप्प बसून राहिल्या. ती शांतता घरातल्या शांततेसारखी नव्हती, एवढं मात्र त्यांना जाणवलं.

रविवारी त्या गेल्या. हातांचं काय करावं कळेना, म्हणून मांडीवर उताणे ठेवले. ऑर्गन सुरू झाला. प्रार्थनेत सगळ्यांनी डोळे मिटले तेव्हा त्या मनात म्हणाल्या, "प्रभू, आज काही आणलं नाही." पुढे काही सुचलं नाही. उत्तरही आलं नाही. पण उठून जावंसं वाटलं नाही, आणि पुष्कळ महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी उपदेश शेवटपर्यंत ऐकला.

दारात पाळकांनी हात हातात घेतला. "मावशी, आलात, फार बरं वाटलं. तुम्हाला दुसरं काही काम सोपवू का? वाचनालयाचं बघाल?"

"नको," मावशी म्हणाल्या. "थोडे दिवस नुसतीच येते."

घरी आल्या तर फाटकाच्या आतच थबकल्या. वाटेच्या मधोमध, दगडांच्या फटींतून दोन-दोन पानांची रोपं वर आली होती. पायरीशी आणखी होती. कुणी पेरली नव्हती, कुणी आळं केलं नव्हतं. उपटून वाफ्यात लावावीत म्हणून त्या वाकल्या, मग तशाच सरळ झाल्या. पाऊल वाकडं टाकत, रोपं चुकवत दारापर्यंत पोचल्या.

दुपारी त्यांनी दार उघडंच ठेवलं. कुणी यायचं नव्हतं, कुणी आलंही नाही. जेवण एकटीचं, ताट एकच. पण जेवायला बसण्याआधी, बोलायला कुठलाही विषय नसताना, त्या थोडा वेळ डोळे मिटून बसल्या.