उशिरा उठणारी झाडं

एवारिस्तोच्या बागेत सेर जातीचे अक्रोड होते. त्याच्या बायकोच्या भावाने, निबाल्दोने, शेजारीच चँडलर लावले होते. तिकडे वसंत सप्टेंबरात येतो; त्या महिन्यातल्या सणापर्यंत सेर हिरवेगार झाले, पण चँडलरच्या काड्यांवर एक पान नव्हतं.

सणाच्या एम्पानादा, म्हणजे खिम्याच्या करंज्या, खाता खाता एवारिस्तो म्हणाला, "तुझ्या मेलेल्या झाडांच्या अंत्यविधीला पाद्रीबाबांना बोलावू का रे?"

"दाजी, ही जात उशिरा उठते. पण अक्रोड फोडाल तेव्हा गर बघा, पांढराशुभ्र."

"उशिरा उठणारा तू एकटा पुरे होतास की आम्हाला!"

पुढच्याच आठवड्यात पहाटे दव गोठलं. सेरची कोवळी पालवी मोहरासकट काळी पडली. चँडलर झोपेतच होते, त्यांना काही झालं नाही.

 मग हिवाळ्यात एवारिस्तोने निम्म्या बागेतले सेर काढून गुपचूप चँडलर लावले. पण पुढच्या सप्टेंबरात त्याचाच धीर सुटला. झाड जिवंत आहे का बघायला तो रोज नखाने साल खरवडू लागला.

शेवटी बायको, ओर्तेन्सिया, कडाडली, "अहो, थंडीतून वाचली तरी तुमच्या नखांनी मरतील ती!"

एवारिस्तोने हात खिशात घातले, पण तिथून हलला मात्र नाही.