डबा बंद करायचा नाय

माझा नवरा यज्ञेश जुन्या कॉम्प्युटर गेमचं संगीत ऐकतो. म्हणजे गेम खेळत नाही, ऐकतो. कंपनीत शिफ्ट करून घरी येतो, मांडी घालून बसतो आणि एखादा बुटका शिपाई पडद्यावर गुहेत शिरला की डोळे मिटून घेतो. लोकांचे नवरे निदान क्रिकेट तरी बघतात.

त्याचं शास्त्र त्याने मला लग्नाच्या आधीच समजावलं होतं, तरी मी लग्न केलं. त्या काळच्या गेममध्ये म्हणे गाणं भरलेलं नसायचंच. गेम नुसता हुकूम सोडायचा, की अमक्या नंबरचा आवाज अमक्या सुरात आत्ता वाजव. कॉम्प्युटरला जोडलेला एक डबा तो हुकूम पाळायचा. त्याला साउंड मॉड्यूल म्हणतात. त्या नंबरला डब्यात जो आवाज असेल तो वाजणार. तेव्हा खरा गेम ऐकायचा असेल तर खरा, त्याच काळचा, कंपनीतून निघाला तसाच्या तसा डबा पाहिजे. रोह्याला लागून वरशाला आमचा ब्लॉक आहे. त्यात असे तीन डबे आहेत आणि माझ्या साड्या पलंगाखाली आहेत.

चौथा डबा त्याला माझ्याच माहेरी दिसला, हे माझं नशीब.

यंदा अधिक महिना होता, म्हणजे जावयाचे दिवस. पेणच्या खारेपाटात आमचं घर. आईने धोंडे केले, अनारसे तळले, जावयाला पाटावर बसवून ओवाळलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "बोला जावईबापू, काय पायजे तुमाना?"

हा प्रश्न विचारायचा असतो आणि "काही नको आई, तुमचा आशीर्वाद आहेच" असं म्हणायचं असतं. हे शेंबड्या पोरालाही कळतं. माझ्या शिकलेल्या नवऱ्याने शोकेसकडे बोट दाखवलं.

"तो डबा," तो म्हणाला.

शोकेसमध्ये गणपती आणि माझ्या शाळेच्या ढालीच्या मध्ये बाबांचं साउंड मॉड्यूल होतं. काळं, पाटाएवढं, समोर एक छोटीशी हिरवी पट्टी, तिच्यावर अक्षरं उमटणारी. माझे बाबा, पुंडलिक म्हात्रे, नवतरुण बेंजो पार्टीचे कीबोर्डवाले. पार्टीतले नवतरुण केस काळे करायला लागले तोवर त्यांनी पेण तालुक्यातली एक हळद सोडली नाही. कीबोर्ड बाबांच्या गळ्यात आणि आवाज या डब्यात. मग डीजे आला, भिंतीएवढे स्पीकर आले, पार्टी मोडली, कीबोर्ड उंदरांनी खाल्ला. डबा उरला.

आणि तो कायम चालू असायचा. घरच्या इन्व्हर्टरवर. गावात लाईट गेली तर आधी डबा, मग पंखा. देवापुढचा दिवा विझलेला चालेल, डब्याचा नाही. आई म्हणायची, "मेल्याला नैवेद्य पन दाखवा."

बाबांचा चेहरा उतरला. मी बघितलं, आईने बघितलं, यज्ञेशने नाही बघितलं, कारण तो डब्याकडे बघत होता. पण अधिक महिन्यात पाटावर बसलेल्या जावयाला नाही म्हणायचं, तेही आईने स्वतः विचारून? आमच्याकडे असं झालेलं नाही.

"न्या," बाबा म्हणाले. "पन डबा बंद करायचा नाय."

यज्ञेश उठून डब्याला नाक लावून आला. "बाबा, आतली बॅटरी संपल्ये. इथे लिहूनच येतंय. बंद केला की तुम्ही भरलेलं सगळं पुसलं जाणार. पण त्याने काय बिघडतं? मूळचे आवाज परत येतील. मला तेच तर हवेत!"

बाबा खुंटीवरचा शर्ट काढून घालायला लागले. "मी पन येतो सोबत."

"जावयाचे घरी वान पोचवाला असा कोन जातो?" आई म्हणाली. मग पदर खोचून तीही निघाली, कारण तिला मागे राहणं माहीत नाही.

अशी आमची वरात निघाली. शेजारच्या हरेशची गाडी, चालवायला तोच, मागच्या सीटवर मी, आई आणि बाबा, आमच्या पायांशी इन्व्हर्टर आणि त्याची धूड बॅटरी. बाबांच्या मांडीवर चालू डबा. पुढे यज्ञेश, दर दोन मिनिटांनी मागे वळून नवरीकडे बघावं तसा डब्याकडे बघणारा. मे महिन्याचं ऊन आणि हायवेचे खड्डे. वडखळला वायर निसटता निसटता राहिली. नागोठण्याच्या अलीकडे एवढा मोठा खड्डा आला की हिरवी पट्टी लुकलुकली आणि बाबांनी "आये!" म्हणून डबा छातीशी धरला. मी तापाने फणफणले होते तेव्हा त्यांनी मला असं धरलं होतं की नाही, मला आठवत नाही.

"बाबा," मी विचारलं, "नक्की काय आहे त्यात?"

"माझे आवाज हायत," ते म्हणाले. "कंपनीचे आवाज गोरे. हलदीला चालत नाय. मी एकेक बसून घासला. ढोल केला, पिपानी केली, नारलाची करवंटी केली. मूलच्या जागेवर माझे बसवले. आता वाजवाला बोटा चालत नाय, कीबोर्ड नाय, पार्टी नाय. ह्या तेवढा हाय."

मला एकदम रडू आलं आणि त्याचबरोबर नवऱ्याला कानफटवावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही, गाडीत जागा नव्हती. यज्ञेशच्या मात्र ते कानात घुसलं. तो वाईट माणूस नाही, फक्त उशिरा ऐकू येतं त्याला. म्हणाला, "बाबा, आधी सांगायचं ना! घरी गेलो की केबलने सगळे आवाज कॉम्प्युटरवर उतरवून घेऊ. मग बॅटरी बदलू. मग परत भरू. एक आवाज इकडचा तिकडे होणार नाही. माझा शब्द."

बाबांनी कोलाड फाट्याचं काहीतरी विचारल्यासारखं करून मान फिरवली, पण त्यांचे खांदे खाली आले होते.

वरशाला पोचलो. डबा इन्व्हर्टरसकट वर चढवला. टेबलाशी पोचल्यावर यज्ञेशने तो भिंतीतल्या प्लगवर घेतला. डब्यात एक तार आधी आणि दुसरी नंतर अशी काहीतरी करामत करून, न विझू देता. इन्व्हर्टरची बॅटरी तोवर धापा टाकत होती. "इथे लाईट जात नाही," तो म्हणाला. रोह्यात राहणाऱ्या माणसाने असं वाक्य बोलताना आधी जीभ चावावी.

कॉम्प्युटर चालू झाला, केबल जोडली. आता उतरवून घ्यायचं, एवढंच उरलं होतं. आणि माझ्या नवऱ्याने काय करावं?

"एकदाच गेम लावून बघू," तो म्हणाला. "फक्त शेवटचा राक्षस."

"यज्ञेश, आधी उतरव," मी म्हणाले.

"अगं, दोन मिनिटं."

पडद्यावर बुटका शिपाई गुहेत शिरला. इतकी वर्षं मी ती गुहा ऐकत आल्ये, तिथे उदास व्हायोलिन असतं. आज तिथे पिपाणी लागली. मागे ढोल सुरू झाला, करवंटी वाजायला लागली आणि तो शिपाई मांडवात शिरल्यासारखा शिरला. त्याला वाघ्या-मुरळीने गाठावं असा ठेका. यज्ञेशचा जबडा लोंबला. आईने नकळत ठेक्यावर खांदे उडवले. मग दगडी दार उघडलं, राक्षस बाहेर आला आणि त्याच्या आगमनाला जिथे तुतारी वाजायची तिथे एक आवाज आला.

खालून सुरू झाला, चढत चढत गेला, टोकाला फाटला. ओळखीचा होता, पण कुठला ते लक्षात येईना. डब्याच्या हिरव्या पट्टीवर त्या आवाजाचं नाव उमटलं आणि मी मूर्खासारखं मोठ्याने वाचलं.

"काशीबाई."

"काय गो?" आई म्हणाली.

"तुला नाही हाक मारली. इथे लिहिलंय. इंग्लिशमध्ये."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या बाबांनी आईचं नाव आजवर तोंडातून काढलेलं नाही. जुन्या लोकांत नाव घेत नाहीत हे ठीक, पण त्यासाठी तर उखाणा असतो! त्यांच्या लग्नात बाबांना उखाणा घ्यायला लावला तेव्हा ते जिलबी घशात अडकल्याचं नाटक करून मांडवाबाहेर गेले. माझ्या लग्नात बायकांनी दार अडवलं तर मागच्या दाराने गेले. आईला हाक मारायची तर "गो", फार झालं तर "भूमिकाची आय", म्हणजे माझी. आईने हे सगळं मनात ठेवलंय आणि सणासुदीला बाहेर काढते.

"माझा नाव?" आई उठून पडद्याजवळ गेली. राक्षस तेव्हा शिपायाला चावत होता. "उभ्या जन्मात घेतला नाय, आनि घेतला तो ह्या रेड्यावर?"

"रेड्यावर नाय गो," बाबा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "तुतारीवर."

"मी तुतारी काय?"

"तसा नाय..."

"मंग कसा? सांगा ना, जावयाचे समोर सांगा!"

बाबांनी तोंड उघडलं आणि लाईट गेली.

पंखा थांबला. पडदा काळा झाला. हिरवी पट्टी विझली. खाली कुणाची तरी रिक्षा फट् फट् करत गेली तेवढाच आवाज.

यज्ञेश धावत इन्व्हर्टर जोडायला गेला, पण आता काय जोडणार? मेलेल्या माणसाला चमच्याने पाणी पाजण्यातला प्रकार. लाईट आली तेव्हा डब्याची पट्टीही उजळली, आणि तिच्यावर सगळी कंपनीची गोरी नावं होती. यज्ञेशने गेम लावला. गुहेत उदास व्हायोलिन. राक्षसाला तुतारी. त्याला हवा होता तसाच्या तसा डबा मिळाला होता, आणि तो तोंडावर हात घेऊन जमिनीवर बसला.

"बाबा, मी शब्द दिला होता," एवढंच म्हणाला.

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, शेजारच्यांना पाठ आहे.

बाबा उठले. "जाऊ दे. जुना झालेला." चपला शोधायला लागले. त्यांच्या दोन्ही पायांत डाव्या पायाच्या चपला होत्या, एक त्यांची आणि एक यज्ञेशची, आणि ते दोरीवर चालावं तसे दाराकडे निघाले. ते बघून मला राहवेना.

"थांबा," आई म्हणाली. "तो आवाज काय होता, ते सांगून जा."

बाबा दाराशी थांबले. पाठ आमच्याकडे. "मिठागरात कामाला होतो तवा," ते म्हणाले, "तू बांधावरून हाक मारायची. भाकरी घेऊन यायची ना. नाव घ्यायचा नाय म्हनून नुसता 'ओ' करायची. खालून वर. टोकाला फाटायचा. दहा मानसा मिठात वाकलेली असायची, पन ती हाक माझी हाय, ह्या सगल्यांना कलायचा." मग म्हणाले, "हलदीत नवरी मांडवात आली की त्योच वाजवायचो."

आई काही बोलली नाही. आईने काही बोलू नये हे माझ्या घरात प्रथमच झालं. मग ती उठली, गॅलरीत गेली, पदर सावरला, कठडा धरला आणि सोसायटीच्या डोक्यावरून हाक मारली.

"ओ ऽ ऽ ऽ!"

खालचा वॉचमन खुर्चीवरून उठला. समोरच्या बिल्डिंगमधून तीन डोकी बाहेर आली. पलीकडे कुंडलिकेच्या काठी कुणी बसलं असेल तर त्यानेही मान वर केली असेल.

"आयकला?" आईने आत बघून विचारलं. "का परत मारू?"

बाबांच्या पायातल्या चपला निघाल्या. ते टेबलाशी येऊन बसले. यज्ञेशने आधी डबा उघडून नाण्याएवढी नवी बॅटरी बसवली, आता पुसायला आत काही उरलंच नव्हतं. मग बाबा सांगायला लागले आणि तो बटणं फिरवायला लागला. तुतारी घ्या. सुरुवात मऊ करा. आता वर न्या, हलू हलू. एवढा नाय, त्यो भोंगा झाला. आई गॅलरीतून हाका मारत राहिली आणि दर हाकेनंतर बाबा हात वर करून म्हणायचे, "अजून एकदा गो." वॉचमन दोनदा बेल वाजवून गेला. ढोल, पिपाणी, करवंटी, सगळं पुढे कधीतरी करायचं ठरलं. आधी हे.

"टोकाला फाटत नाय," बाबा शेवटी म्हणाले.

"आता माझा पन फाटत नाय," आई म्हणाली. "वय झाला. राहू दे असाच."

बाबांनी डब्यातला आवाज पुन्हा ऐकला. मान हलवली. राहू दे.

यज्ञेशने शेवटचं बटण दाबलं. पट्टीवर आठ रिकाम्या जागा लुकलुकायला लागल्या. त्याला नाव माहीत होतं. सकाळपासूनचं सगळं त्याच्यासमोर घडलं होतं. पण त्याने बटणावरचं बोट उचललं, मांडी घालून नीट बसला, जसा माझ्या माहेरी पाटावर बसला होता, आणि म्हणाला, "बाबा, काय नाव देऊ?"

"तुमाना ठाव हाय," बाबा म्हणाले.

"नाही. तुम्ही सांगा. अधिक महिना आहे, जावई विचारतोय."

त्या क्षणी मला माझा नवरा फार आवडला. पुन्हा केव्हा आवडेल माहीत नाही, म्हणून नोंद करून ठेवते.

बाबांनी दाराकडे बघितलं. दारात मी उभी होते. जिलबी कुठे नव्हती. मागचं दार आमच्या ब्लॉकला नाही. त्यांनी खाकरून घसा साफ केला, जमिनीकडे बघत, भरभर म्हणाले:

"लाईट गेली वरशाला, डबा झाला रिकामा,
काशीबाईचा नाव घेतो, जावईबापू, लागा कामा!"

यज्ञेशने एकेक अक्षर भरलं. आठ जागा, आठ अक्षरं, बरोबर बसलं.

आई गॅलरीतच होती, आमच्याकडे पाठ करून. कठडा धरलेला हात तिने सोडला नव्हता.

"मना आयकू नाय आला," ती म्हणाली.

बाबांनी परत घेतलं, या वेळी मोठ्याने.